त्रिकोण अजून दिसतो आहे

शाहूपुरी, कोल्हापूर
मंगळवार, १४ फेब्रुवारी १९७८

तीर्थस्वरूप त्र्यंबककाका यांस,

लीलाचा नमस्कार. घडलेलं आधी क्रमानं लिहिते, म्हणजे पत्र अर्ध्यावर बाजूला ठेवलंत तरी मुद्दा पोचेल.

१. डिसेंबरात मी सरकारी लिलावातून एक जुनी व्हॅन घेतली.
२. तिच्या दोन्ही बाजूंवर आणि मागच्या दारावर लाल त्रिकोण, चार चेहरे आणि 'कुटुंब नियोजन' ही अक्षरं होती.
३. ती मी काढली.
४. परवा रविवारी ती व्हॅन घेऊन मी तुमच्या गडहिंग्लजच्या अलीकडे सहा किलोमीटरवरच्या एका गावी पंपाच्या मोटारी दुरुस्त करायला गेले.
५. गावातले पुरुष उसात पळाले.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्याला ऊन मानवतं असं तुम्ही मागं म्हणाला होता. इथे सध्या ऊन भरपूर आहे. तुम्ही रंगवून दिलेली आमच्या दारावरची नावाची पाटी चौदा पावसाळ्यांनंतरही जशीच्या तशी आहे. अण्णा बरे आहेत. आईही बरी आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच.

मी ड्रॉइंग ऑफिसातली नोकरी सोडली, हे तुम्हाला अण्णांकडून कळलं असेल (त्यांच्या शब्दांत कळलं असणार). इलेक्ट्रिकलची पदविका घेऊन दोन वर्षं मी दुसऱ्यांची ड्रॉइंग गिरवत होते. त्या गावच्या सोसायटीचे चेअरमन हंबीरराव यांनी बेचाळीस मोटारींचं वर्षाचं काम द्यायची तयारी दाखवली. अट एवढीच, की आधी एक मोटार गावासमोर दुरुस्त करून दाखवायची. पाडव्यापर्यंत हे काम हातात आलं नाही, तर मी पुन्हा ड्रॉइंग गिरवायला जावं असं अण्णांनी ठरवलं आहे. मी हो म्हटलं आहे.

रंग का जात नाही, हे मला आता कळलं आहे. अक्षरं मी रॉकेल आणि पात्यानं खरवडली. खाली तीच अक्षरं पुन्हा निघाली. उन्हानं बाकीची गाडी फिकी पडली होती, पण अक्षरांखालचा पिवळसर रंग कारखान्यातून आल्यासारखा ताजा होता. मी पॉलिश केलं, तर तो चकाकायला लागला. कॉस्टिकनं घासल्यावर चार चेहऱ्यांतला मुलगा गेला, मग मुलगी, तिसऱ्या दिवशी वडील गेले. आई गेली नाही. शेवटी मी आणि ज्ञानू फिटर यांनी सगळ्या गाडीला निळ्या रंगाचे दोन हात दिले. शेडमध्ये ट्यूबलाइटखाली काही दिसत नव्हतं, म्हणून काम झालं असं मी वहीत लिहिलं. अक्षरांच्या कडेला कागदाच्या जाडीएवढी पायरी शिल्लक होती. सकाळच्या तिरप्या उन्हात ती दीडशे फुटांवरून वाचता येते (हे अंतर मी नंतर चालून मोजलं). गाडी उन्हात उभी करून बघायला हवी होती. ही चूक माझी.

दुसरी चूकही माझीच, पण ती आईच्या हातून झाली. गाडी निघताना तिनं नारळ फोडला आणि हळदकुंकू वाहिलं. चिमूटभर वाहील असं मला वाटलं होतं. तिनं तीनही बाजूंना मूठमूठ उधळलं. रंग बाकी सगळीकडे वाळला होता, फक्त कडांशी जाड बसल्यामुळे तिथं अजून चिकट होता. कुंकू तेवढ्याच जागी धरलं आणि मी जो त्रिकोण पाच आठवडे घालवत होते, तो आईनं अर्ध्या मिनिटात लाल करून दिला. सुवासिनीनं लावलेलं कुंकू पुसायचं नाही, असं ती म्हणाली. मी पुसलं नाही.

आठ वाजता आम्ही गावात शिरलो. समोरून येणारा माणूस सायकलवरून उतरला, सायकल रस्त्यात सोडली आणि उसात गेला. त्याच्यामागे पारावरचे अकरा जण गेले. आणीबाणीत अशी गाडी गावात आली की पुरुषांना नसबंदीसाठी कसं धरून न्यायचे, ते मी तुम्हाला सांगायला नको. मी गाडी पाराशी थांबवली.

ज्ञानूनं खाली उतरून हाक मारली, "पावणं, मोटारी दुरुस्त कराय आलोय की."

उसातून उत्तर आलं, "व्हय, ठावं हाय तुमची दुरुस्ती. गेल्या टायमाला बी असंच सांगिटलं हुतं."

पारावर पिराजी नावाचे सत्तरीचे आजोबा तेवढे उरले. तुम्ही का पळाला नाहीत, असं मी विचारलं. म्हणाले, "माझं मागंच झालंय, बाई. आता म्या कुणाच्या बापाला भीत न्हाय." मी जळलेली मोटार उघडली, बदलायची वायर बदलली, मोटार चालू करून दाखवली. गावासमोर म्हणजे आजोबांसमोर. त्यांनी मान हलवली.

पावणेअकराला हंबीरराव आले. पटक्यात उसाचं पान होतं. पीक बघायला गेलो होतो, असं म्हणाले. "तुमचं काम झ्याक हाय, बाई," ते म्हणाले, "पर ह्या गाडीत बसून आलासा तर मोटारी दावायला गावात माणूस घावायचं न्हाय. मला धरून सांगतो." त्यांनी रविवार, २६ तारखेपर्यंत मुदत दिली आहे. इथले दोन पेंटर गाडी बघून गेले. पत्र्यापर्यंत खरवडायला महिना लागेल म्हणाले. नाहीतर, हे ज्यानं काढलंय त्यालाच बोलवा, बुडाशी काय घातलंय ते त्यालाच ठाऊक.

आपली,
लीला

ता. क. १ : डाव्या बाजूला, चाकाच्या वर, तिरप्या उन्हात आणखी एक ओळ दिसते : 'त्र्यंबक, गडहिंग्लज'. 'त्र्य'चं वळण मी आमच्या दारावर रोज बघते. पिराजी आजोबांना वाचता येत नाही. हंबीररावांना येतं, पण ते त्या बाजूला आले नाहीत. मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही एसटीनं या, चार दिवस राहा आणि तुमचं तुम्हीच काढा.

ता. क. २ : पुरुष उसात होते तेव्हा सात बायका मागच्या दाराशी आल्या होत्या. मी मोटारीची बाई आहे, हे त्यांना सांगितलं. त्यांच्यातल्या बयाबाई म्हणाल्या, "आसंना का. नर्सबाई कवा येत्यात तेवढं इचारून ठेवा. आमास्नी गाडीचं भ्या न्हाय." साती नावं मी वहीत मोटारींच्या यादीखाली लिहून घेतली आहेत. तेव्हा दोन्ही बाजूंचे त्रिकोण काढा, मागच्या दारावरचा राहू द्या. जमल्यास लाल रंगानं पुन्हा नीट भरा. गाडी गावात तोंडानं शिरते. मागचं दार पुरुषांना दिसेपर्यंत मी निघालेली असते.

येता की नाही, ते सोमवार, २० तारखेपर्यंत कळवा.