नवसात नसलेलं अंडं

आई, काल चर्चमध्ये हंगामाचा सण झाला. आता कणसं नि भोपळे कोण आणतंय गं! बिस्किटांचे पुडे, केक, एकाने तर चक्क मिक्सर आणला, खोक्यासकट. उपासना संपली की अर्पणाचा लिलाव अंगणात, तो मात्र तुझ्या वेळेसारखाच. नात विचारते, "आजी, तुम्ही काय द्यायचात?" म्हटलं, एकदा कोंबडी दिली होती. मी नाही, माझ्या आईने. माझी. ती इतकी हसली की चहा नाकात गेला तिच्या. मीही हसले. घरी आले नि कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून तुला लिहायला बसले. चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, जोडाक्षरं चुकतील. तू कुठे तपासणार आहेस म्हणा.

तांबडी आठवते ना? लालबागच्या आपल्या चाळीत, गॅलरीत टोपलीखाली राहायची. शेजारच्या मालवणी मावशींनी ती पिल्लू असताना मला दिलेली. त्याच मावशी, ज्यांच्याकडे कुर्ल्या शिजल्या की अख्ख्या मजल्याला भूक लागायची. तांबडी कुणाच्या हाती लागायची नाही. मी "ये गं तांबडे" म्हटलं की मात्र लोकांच्या पायांतून वाट काढत धावत यायची.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. बाबा डिलाईल रोडच्या मिलमधून थेट मोर्चात जायचे, घसा बसवून घरी यायचे. एके दिवशी गोळीबार झाला नि बाबा आलेच नाहीत. दुसरी दुपार झाली तरी नाहीत. बाहेर संचारबंदी. तू स्टोव्हपाशी गुडघे टेकून काहीतरी पुटपुटत होतीस. मला वाटलं, नेहमीची प्रार्थना. तू तिथे सौदा करत होतीस नि तोही माझ्या जिवावर, हे मला काय ठाऊक!

बाबा आले. पोलिसांच्या कोठडीतून सुटून, शर्टाची बाही फाटलेली, बाकी धडधाकट. मी नाचले आनंदाने. नि रविवारी सकाळी तू म्हणतेस, "बाळ, तांबडीला हाक मार. टोपलीत घालू, जरा उन्हात नेऊ." आई, तुझ्या हाती ती आली नसती. तुला ते माहीत होतं, म्हणून तू मला हाक मारायला लावलीस. ती आली. मीच उचलली, मीच टोपली डोक्यावर घेऊन चर्चपर्यंत मिरवत गेले. वेदीपुढे, भोपळ्यांच्या शेजारी तू टोपली ठेवलीस, पाळकसाहेबांच्या कानात काही सांगितलंस, तेव्हा मला कळलं. मी तुझा पदर ओढला. "गप," तू म्हणालीस, "तुझे बाबा परत आले तर ती देईन, असा शब्द दिलाय मी देवाला." आणि पदर कसला होता सांगू? तुझ्या लग्नातल्या पांढऱ्या रेशमी लुगड्याचा. ते नव्हतं का द्यायला?

पाळकसाहेब कृपेवर बोलत होते. ऐकत कोण होतं? कुणाचा भाऊ अजून आत, कुणाची मिल बंद, सगळ्यांची तोंडं सुकलेली. मी आपली मोठ्याने हुंदके देतेय. नि एकाएकी तांबडीने जो कलकलाट मांडला! साहेब थांबले, ती थांबेना. मागून कुणीतरी खणखणीत "आमेन" म्हणालं, आणि कितीतरी दिवसांनी ती माणसं पोट धरधरून हसली. साहेब खाली उतरले, टोपलीत हात घालून अंडं काढलं नि सरळ माझ्याकडे आले. तू घाईघाईने, "साहेब, तेही देवाचंच." ते म्हणाले, "बाई, नवस कोंबडीचा. अंडं तुम्ही कुठे कबूल केलं होतं? हे फुकटचं आहे. धर पोरी."

कोमट होतं गं ते. रडता रडता मला हसू फुटलं. त्यानंतर कृपेवर किती उपदेश ऐकले, पण ती माझ्या तळहातावर आली ती तेव्हाच, तुझ्यावर नि देवावर, दोघांवर चिडलेली असताना. मी मागितलंही नव्हतं. मागितली असती तर तांबडी मागितली असती, आणि ती काही मिळाली नाही. परळच्या वर्कशॉपातल्या एका गृहस्थांनी लिलावात घेतली, पाय बांधून सायकलच्या हँडलला उलटी टांगली. मी हाक मारली तर तिने मान वळवली. अंडं मिळालं म्हणून ते पुसलं जात नाही, आई.

चाळीत मावशी पुढे आल्या, "गो बाय, रडतंस कित्याक?" बाबांना सगळं कळलं तेव्हा ते तर चाटच पडले. "अगं, मला जमादाराने सोडलं. त्यात कोंबडीचा काय संबंध?" तू पदर खोचत म्हणालीस, "आणि जमादाराला कुणी सांगितलं सोडायला?"

मग तू अंडं उकडलंस, सोललंस. बाबांना नाही, धाकट्या भावाला नाही, अख्खं माझ्या ताटात ठेवलंस नि समोर बसलीस. मला वाटलं, आता बोलशील. माझं चुकलं म्हणशील, निदान डोक्यावरून हात तरी फिरवशील. तू विचारलंस, "मीठ पुरलं का?"

त्यानंतर तांबडीचं नाव तू कधी काढलं नाहीस, शेवटच्या दुखण्यातही नाही. मीही नाही काढलं. हे पान गुंडाळून कपाटावर टाकेन, सून रद्दीत देईल, देऊ दे. नातीला मी हसत सांगितलं, तुला हसत सांगवत नाही, एवढंच. त्या दिवशी तू मिठाचं विचारलंस तेव्हा मी हो म्हणून मान हलवली होती. पुरलं नव्हतं, आई.