होडीचं पुढे काय झालं?

प्रिय ताई,

बबडीला सोमवारी त्या निवासी संस्थेत ठेवणार, असं तू फोनवर म्हणालीस आणि मी नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. मला मेलीला तोंडावर काही सुचतच नाही, तुला माहीत आहे. आता लिहायला बसलेय, तर आधी माझ्या वर्गातली बातमी ऐक. बबडीकडे मग येते.

आमच्या इन्स्पेक्टरबद्दल मी तुला सांगितलं होतं. दहा वर्षांचा, चाकाच्या खुर्चीत बसणारा. हात त्याचं ऐकत नाहीत, जीभ तर मुळीच नाही. सगळ्यांवर नजर ठेवतो म्हणून पोरांनीच हे नाव पाडलं. त्याच्या फाइलवर कुणीतरी ‘आकलन नाही’ असा शेरा मारून ठेवलाय. रंगीत कार्डं नाचवून ‘लाल कुठलं रे?’ विचारता विचारता मी मेटाकुटीला आले, पण साहेब ढिम्म. खिडकीबाहेर बघत बसायचे.

मग मी जाड पारदर्शक प्लास्टिकवर अक्षरांचे गट चिकटवून एक पाटी केली. ती आमच्या दोघांच्या मधे धरायची. तो कुठल्या गटाकडे बघतोय ते मला पलीकडून दिसतं. त्यातली अक्षरं मी एकेक म्हणायची, हवं ते आलं की त्यानं डोळे मिटायचे. सुरुवातीला नुसता खेळखंडोबा. माझे हात भरून यायचे, तो थकून मान टाकायचा.

गेल्या मंगळवारी त्यानं ‘होडी’ काढलं. मला वाटलं, चुकून लागलं असेल. पुन्हा विचारलं, पुन्हा होडी. मग म्हणाला, ‘पुढे’. आणि ताई, तेव्हा कुठे मला आठवलं. शाळा सुरू झाली तेव्हा मी वर्गाला एका म्हाताऱ्याची गोष्ट वाचून दाखवत होते. त्याची गळकी होडी भर पाण्यात असताना घंटा झाली, पुढे परीक्षा आल्या आणि ती गोष्ट राहूनच गेली. मी विसरले, पोरं विसरली. हा मात्र इतके महिने त्या म्हाताऱ्याला जिवंत ठेवून बसला होता! अक्षरंही त्याला कुणी शिकवली नव्हती. फळ्यावर बाकीच्यांना शिकवत होते, ती यानं मागे बसून उचलली.

मी धावत जाऊन लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि शेवट वाचला. होडी काठाला लागली तसा तो इतक्या जोरात हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. मग त्यानं पाटीवर एकच शब्द काढला, ‘वाटलंच’. मी अजून भानावर आलेले नाही. केवढं जग होतं त्या पोराच्या आत, आणि आम्ही त्याला लाल कुठलं ते विचारत होतो.

आता बबडी. तुझ्या या न बोलणाऱ्या लेकीला भरवताना तू किती गोष्टी सांगायचीस. मग ‘हिला काय कळतंय’ म्हणून थांबलीस. सोमवारचं तू आणि भाऊजींनी ठरवलंत, तेसुद्धा तिच्या देखत. तू किती दमली आहेस ते मला कळतं गं, दोष देत नाही. तीही अशी बोलेल, हे वचन मला देता येणार नाही. पण तिला न विचारता पाठवू नकोस. सोमवार पुढे ढकल, दोघी माझ्याकडे या, मी शाळेत बोलून ठेवलं आहे. आणि हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव, होडीसकट. वाचून झालं की लगेच उठू नकोस. तिच्या डोळ्यांकडे बघत जरा थांब.

तुझंच,
शेंडेफळ