पूर्वीसारखा चहा

३ मार्च, मंगळवार
उजव्या हाताने लिहितोय. थेरपिस्टबाईंची आज्ञा! म्हणाल्या, रोज काहीतरी लिहा, मी वाचणार नाही. हे अक्षर वाचून दाखवाच म्हणावं.

४ मार्च
कालच घोळ करून बसलो. लिहूनच टाकतो.

स्ट्रोक झाला, हॉस्पिटल झालं, मग ते व्यायामाचं केंद्र झालं. घरी आलो तो काठी घेऊन. आता थेरपिस्टबाई दर मंगळवारी घरी येणार. काल पहिलाच दिवस. लेकीच्या वयाची बाई, हातात पेन, समोर बसून विचारते, "आजाराआधी घरातलं काय काय स्वतः करायचात?"

आता काय सांगायचं? की पाण्याचा पेलासुद्धा हातात मिळायचा? म्हटलं, "सगळं. चहा, अंडी, भात, अंथरूण-पांघरूण, सगळं!"

बोललो आणि हिच्याकडे बघितलं. ही वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "हो ना. सकाळचा चहा तर ह्यांच्याच हातचा."

थाप मी मारली आणि शिक्का हिने मारला! बाई एकदम खूष. "मग आपलं ध्येय ठरलं. सगळं पूर्वीसारखं!"

पूर्वीसारखं म्हणजे मी खुर्चीत आणि चहा टेबलावर. पण आता कुणाला सांगणार?

५ मार्च
थेरपिस्टबाईंच्या हातात इतकी सत्ता का, तेही लिहितो. पुढच्या महिन्यात हिला बहिणीकडे जायचंय, चांगले सहा आठवडे. आजवर घर सोडून कधी राहिली नाही, या वेळी हट्टालाच पेटलीय. बाई म्हणाल्या 'एकटे राहू शकतात' तर मी घरी. नाही म्हणाल्या तर तेवढे दिवस माझी रवानगी आजारी म्हाताऱ्यांच्या आरामगृहात.

ते आरामगृह मी बघितलंय. दुपारी मोठमोठ्या माणसांना गोल करून बसवतात आणि फुगा टोलवायला लावतात. झेलला की टाळ्या! अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस मी. फुगा टोलवणार नाही म्हणजे नाही.

६ मार्च
शर्टाची बटणं स्वतः लावली. घामाघूम. शेवटचं लागलं तेव्हा ही म्हणाली, "एक घर चुकलंय." पहिल्यापासूनच चुकलं होतं आणि ही पहिल्यापासूनच बघत होती!

९ मार्च
ही दुकानात गेली. म्हटलं, हीच संधी, गुपचूप चहा शिकून टाकावा. त्यात असतं काय? पातेलं सापडलं. गॅस पेटवायला एक हात बटणावर आणि एक लायटरवर लागतो, आणि माझा एक हात सध्या बिनपगारी रजेवर. कसाबसा पेटला. पाणी उकळेपर्यंत जरा टेकलो, तर डुलकी लागली.

ही आली तेव्हा पाणी संपलेलं, पातेलं काळंठिक्कर. हिने नाकाला पदर लावला, खिडकी उघडली आणि म्हणाली, "अगदी पूर्वीसारखा झालाय हो!"

१० मार्च, मंगळवार
बाईंना अंगठा आणि करंगळीच्या व्यायामात गुंतवून ठेवलं. स्वयंपाकघराकडे फिरकू दिलं नाही. पुढच्या वेळी मात्र तिथेच, म्हणाल्या.

१२ मार्च
हिनेच शिकवायला घेतलं. सकाळी स्टूल ओढून ओट्याजवळ बसली आणि म्हणाली, "या."

शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. इथे हिच्या हातात माझी काठी! माझा हात भलत्या बटणाकडे गेला की काठीचं टोक आधी पोचतं. शिकवताना मी केवढा ओरडायचो. एका प्राध्यापकाला भर चौकात रडवला होता. ही आवाजसुद्धा चढवत नाही. "आधी पाणी. मग गॅस. आता तिथेच उभं राहायचं. कुठे निघालात?" ओरडली असती तर परवडलं असतं.

१७ मार्च, मंगळवार
फजिती!! पार नाक कापलं गेलं.

बाई म्हणाल्या, "चला, नेहमीसारखा चहा करा. तुमच्या मिसेसनी मध्ये बोलायचं नाही." आतापर्यंत सगळं सामान हीच ओट्यावर काढून ठेवायची. आज ओटा रिकामा. "चहापावडरीचा डबा काढा ना," बाई म्हणाल्या. एक खण उघडला, त्यात औषधं. दुसऱ्यात जुन्या पिशव्या. तिसऱ्यात काय होतं देव जाणे, काहीतरी पायावर पडलं. या घरात राहून केस पांढरे झाले माझे, आणि डबा सापडेना.

बाईंचा चेहरा उतरला. हळूच विचारलं, "रोज इथूनच काढायचात ना? अजिबात आठवत नाही?" मग हिला बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल इतपत, म्हणाल्या, "स्मरणशक्तीवर परिणाम झालेला दिसतोय. मेंदूच्या डॉक्टरांकडून तपासून घेऊ. अशा स्थितीत एकटं ठेवता येणार नाही."

हिचं तोंड एवढंसं झालं होतं.

१८ मार्च
दिवसभर विचार. खोटं रेटलं तर मी डोक्याने गेलेला माणूस, म्हणजे फुगा. खरं सांगितलं तर इज्जत जाते. शेवटी ठरवलं, इज्जत जाऊ दे. केंद्रात दोन माणसं आंघोळ घालायची तेव्हाच ती बरीचशी गेली होती.

१९ मार्च
फोन केला. म्हटलं, "बाई, डबा मी विसरलो नाही. मला तो कधी माहीतच नव्हता. आयुष्यात चहा केला नाही मी. भातही नाही."

बाईंनी जपून विचारलं, "म्हणजे हे नुकसान स्ट्रोकमुळे झालेलं नाही?"

"नाही. लग्नापासूनचं आहे."

बाई इतक्या हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाल्या, "याला उपचार नाहीत, शिकवणी लागेल." दोन आठवडे दिले. एकतीस तारखेला परीक्षा.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "बरं केलंत." आणि लगेच, "तिसरा खण, उजवीकडे."

२४ मार्च
आज नीट चाललं होतं. चहा गाळला, कप उचलला आणि उजव्या हाताने ऐनवेळी कप सोडून दिला. मला न विचारता! फरशीभर चहा, काचा. ही स्टुलावरून उठायला लागली तर तिच्यावरच खेकसलो, "बस खाली! जा तू बहिणीकडे, मला टाक कुठेही!"

ही बाहेर गेली. मी काचा गोळा करायला वाकलो आणि वाकता येईना. तसाच ओट्याला धरून रडलो. मला फुग्याची भीती नाही वाटत. कुठेतरी ठेवून द्यायची वस्तू होऊन बसू, याची वाटते.

थोड्या वेळाने ही दारात आली. हातात झाडू आणि लांब दांड्याची सुपली, म्हणजे वाकायला नको. माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "कप दुसरा आहे."

२७ मार्च
भात जमला! खाली थोडा लागला, तो मीच खाल्ला. डावा हात धरतो, उजवा मदतनीस. उजव्याला पगार सुरू केलाय.

३१ मार्च, मंगळवार
परीक्षा. अंघोळ, बटणं (घर न चुकता), अंडं, दार लावणं, गॅस बंद करून पुन्हा बघणं. तिसरा खण, उजवीकडे! बाईंनी चहाचा घोट घेतला. मी गाडीच्या परीक्षेतल्या पोरासारखा घाम पुसत उभा.

"चहा वाईट आहे," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही एकटे राहू शकता."

पास!! ऊर भरून आला. हिच्याकडे बघितलं तर ही डोळे पुसत होती. बहिणीकडे जायचा एवढा आनंद? जरा लागलंच मनाला.

२ एप्रिल
ही बहिणीकडे जात नाहीये.

सोमवारी तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. गेल्या वर्षीच व्हायचं होतं, आणि नेमका त्याच आठवड्यात मी आजारी पडलो. तारीख तिने गुपचूप रद्द केली. थेरपिस्टबाईंना आणि लेकीला माहीत होतं, मलाच नव्हतं. सहा आठवडे तिला काही करता येणार नाही. तिचं सगळं मीच करायचंय.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला धड उभं राहता येत नव्हतं. त्यात माझी काळजी कुठे लावू?"

म्हटलं, "तू चहात साखर किती घेतेस, सांगून ठेव."

"घेतच नाही."

"कधीपासून?"

"लेक झाली तेव्हापासून."