आबांना नावेत ऐकू न आलेलं

आई,

आम्ही सगळे मोठ्या जहाजानं समुद्रावर फिरून आलो. मुंबईहून निघायचं, गोव्यावरून आणखी खाली जायचं आणि परत, अशी सहल होती. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळे सगळे म्हणजे कोण ते तुला सांगायला हवं. तू न पाहिलेला तुझा जावई, आमची नऊ वर्षांची मुलगी, मी आणि आबा. कुरुंदवाडचं घर विकून आबा माझ्याकडे कोल्हापूरला आले त्याला आता बराच काळ लोटला. आमचं घर कळंब्याच्या बाजूला आहे. आबा ऐंशीच्या घरात आलेत, तब्येत ठणठणीत आहे, आणि आवाज अगदी या सहलीपर्यंत तुझ्या वेळचाच होता.

गुळाच्या सौद्यात जन्मभर भाव पुकारलेला तो आवाज, घरातही त्याच पट्टीत चालायचा. तू मागं भाकरी थापत असायचीस आणि आबा बाहेरच्या खोलीतून पाणी मागायचे ते चार घरांना कळायचं. एकदा तू तव्यावरची भाकरी तशीच सोडून चौकटीत येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "घरात सौदा नको." तेवढंच. आबा जेवण होईपर्यंत बोलले नाहीत. मी लहान होते, मला त्यांच्या ओरडण्याची कधी भीती वाटली नाही, पण त्या दिवशी ताटावरच्या शांततेची वाटली. तू पुरात गेल्यावर मात्र त्यांना अडवणारं कोणी राहिलं नाही. टीव्ही मोठ्यानं, मोरीत रेडिओ, झोपतानाही उशाशी रेडिओ चालूच. ऐकू कमी येत असेल म्हणून मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत.

आणि त्याच घरात माझी मुलगी, जिला गोंगाट सहन होत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये बँड सुरू झाला की ती टेबलाखाली जाऊन बसते. मागच्या सुट्टीत आम्ही एका मोठ्या रिसॉर्टला गेलो होतो. दिवसभर स्पीकर, जेवणाला रांगा, प्रत्येक तासाला काहीतरी कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी ती बाथरूममध्ये कानांवर हात ठेवून बसली ती बाहेर येईना, आणि आम्ही सहल अर्धी टाकून परतलो. म्हणून या वेळी मी ठरवलं की सगळं सावकाश करायचं. टोकाच्या दोन लागून खोल्या घेतल्या, एक आमची, एक आबांची; तिथून फारसं कोणी जात नाही. गर्दी व्हायच्या आधी जेवून घ्यायचं. रात्रीच्या नाचगाण्यांना जायचं नाही. बंदर आलं आणि बाकीचे सगळे उतरून फिरायला गेले की आपण रिकाम्या जहाजावर थांबायचं. वरच्या मजल्यावर एक डेक होता, तिथं स्पीकर नव्हते, नुसत्या कापडी खुर्च्या आणि समोर पाणी.

आणि जमलं, आई. पहिल्याच दिवशी जमलं. मुलगी त्या खुर्चीत पाय पोटाशी घेऊन चित्रं काढत बसली आणि मधेच स्वतःशी हसली. तुझ्या जावयानं फोन कपाटात ठेवला आणि दुपारी चक्क झोपला. मला कोणाला वाढायचं नव्हतं, कोणाला उठवायचं नव्हतं. इतकं निवांत मी कधी बसले होते ते आठवेना.

फक्त आबांच्या खोलीतून टीव्हीचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. बाहेर आले की दिसेल त्याला "कुठलं पावणं?" असं विचारत ते डेकभर फिरायचे. संध्याकाळी मुलगी त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "आबा, हळू बोला ना. इथं मला खूप छान वाटतंय." त्यांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग खोलीत जाऊन टीव्ही बंद केला, रेडिओची बॅटरी काढली. तिच्यासाठी ते काहीही करतात. मला भरून आलं. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बघा, शेवटी नातीनं करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चहा द्यायला गेले तर ते पलंगावर बूट घालून झोपलेले. पिशवी भरून, तोंड बांधून दाराशी ठेवलेली. बाल्कनीचा पडदा घट्ट ओढलेला. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "पाणी किती चढलं?"

मी म्हटलं, "आबा, हा समुद्र आहे. तो चढत नाही."

"तुला काय ठावं," ते म्हणाले, आणि चहा न घेता कूस बदलली.

तुझा जावई म्हणाला, "झोपेत असतील. वय झालंय." पण दिवसभर त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. बोलता बोलता थांबायचे, मान जरा तिरकी करायचे, सौद्यात लांबच्या व्यापाऱ्याचा भाव नीट ऐकू आला नाही की करायचे ना, तशी. जेवताना घास हातात धरून तसेच बसले. मी विचारलं, काय झालं? तर ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प केलं. आबांनी कोणाला गप्प बसायला सांगितलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. समुद्र त्या दिवशी इतका सपाट होता की जहाज चालतंय की थांबलंय ते कळत नव्हतं. लोक किती छान म्हणत होते. मला ते पाणी बघवेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी आबा आणि मुलगी वरच्या डेकवर बसले होते. मी खोलीत जरा आडवी झाले आणि माझा डोळा लागला. उठून वर गेले तर खुर्च्या रिकाम्या. तिच्या चपला खुर्चीखाली जोडून ठेवलेल्या, चित्रांची वही तिथंच. ती चपलांशिवाय पाऊल टाकत नाही. मी डेकला चक्कर मारली, हाका मारल्या. कठड्याशी गेले, पण खाली वाकून बघायचं धाडस मला झालं नाही, नजर समोरच ठेवली. नवऱ्याला उठवलं. आबांच्या खोलीत गेलो तर कपाट सताड उघडं, आणि आत लटकवलेलं नारिंगी लाइफ जॅकेट गायब. तिथं काम करणारी एक बाई म्हणाली की एक आजोबा एका मुलीला घेऊन खाली मागच्या बाजूला गेले. आम्ही धावलो.

खालच्या मजल्यावर अगदी शेवटी एक अरुंद उघडी जागा होती, पाणी तिथून फार जवळ दिसत होतं. आबा कठड्याला पाठ लावून फरशीवर बसले होते. शेजारी मुलगी, तिच्या अंगात ते भलंमोठं जॅकेट, सगळे पट्टे करकचून आवळलेले. तिचं मनगट आबांनी घट्ट धरलं होतं. ती घाबरलेली नव्हती. मला बघून हळूच म्हणाली, "आई, आवाज करू नको. आजी बोलतेय, आबा ऐकतायत."

नवऱ्यानं तिला उचलून वर नेलं. आबांनी मनगट सोडलं. मी त्यांच्याशेजारी बसले. मी विचारलं, "आबा, कोण बोलतंय?"

मग ते बोलायला लागले, आणि तो आवाज मी कधी ऐकलेलाच नव्हता. इतका हळू, की मला त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"नावंत ती बोलालती," ते म्हणाले. "तुला म्हाईत न्हाय. तू तिकडं कोल्लापुरात अडकलीवतीस."

पुरानं रस्ते बंद होते आणि मी घरी पोचू शकले नव्हते. मला एवढंच माहीत होतं की तुला दम लागला, घाटावरच्या नावेतून तुला रस्त्यापर्यंत नेत होते आणि वाटेत तू गेलीस. त्याच्या पुढं आबांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"पाणी लायटीच्या तारांपतोर आलतं," आबा म्हणाले. "नाव कुठल्या गल्लीतनं न्यायची कळंना. माडीवरची माणसं वरनं सांगालती. त्यास्नी इचारायला माझाच आवाज पोचत हुता. मी वरडालतो. हिनं माझी बाही धरली, कायतरी म्हणाली. मी म्हटलं, थांब जरा. परत म्हणाली. मी वर बघून वरडतच हुतो. रस्त्याला नाव लागली तवा वळून बघितलं." ते मागच्या फेसाकडे वळले. "काय म्हणालती ते ऱ्हाऊनच गेलं बघ."

"आबा, तुम्ही ओरडला नसता तर नाव तारांत गेली असती," मी म्हटलं.

"व्हय. ते मलाबी कळतंय की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे अगदी स्वच्छ होते. "पर शांत झालं की ती परत म्हणाया लागती. म्हणून मी घरात शांत हुऊच दिलं न्हाय. हितं लई शांत हाय. हितं ती जवळ आलीया."

"काय म्हणते?"

"अजून उलगडलं न्हाय."

उरलेली सहल आम्ही दोघांनी त्यांच्यावर पाळत ठेवून काढली. मुलीला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. कुठल्याही सुट्टीत ती एवढी खुश नव्हती. घरी आल्यावर मी आबांना डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, वयानं होतं असं, गोळ्या देतो, एकटं सोडू नका. मी सोडत नाही. पण आबांनी त्यानंतर टीव्ही लावला नाही. रेडिओला हात लावला नाही. शेजारणी म्हणतात, काय फरक पडला हो सहलीनं, केवढे शांत झालेत तुमचे वडील. नवराही आधी काळजी करायचा, आता म्हणतो, बरंच झालं की. घरात इतकी शांतता आहे की भांडं ठेवलं तरी मी दचकते. आबा खिडकीशी मान तिरकी करून बसलेले असतात. माझी मुलगी त्यांच्याजवळ चित्रं काढत बसते आणि दोघं एक शब्द बोलत नाहीत. कधीकधी ती पण मान तिरकी करते. मी तिला हाक मारून आत बोलावते, काहीही काम सांगते.

गेल्या आठवड्यात सकाळी मी कणीक मळत होते. आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून. म्हणाले, "कळलं."

माझे हात परातीत तसेच राहिले. "काय म्हणाली?"

ते हसले. तसं हसताना मी त्यांना तू असतानाच पाहिलं होतं. "ते आमचं आमचं हाय. तुझ्याबद्दल न्हाय काय." आणि जाता जाता म्हणाले, "त्या जहाजानं परत जायचं बघ. आमी दोघंच जातो." कोण दोघं, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून ते व्यवस्थित जेवतात, रात्री गाढ झोपतात. मीच रात्री उठून त्यांचं दार लोटून बघते. हे तुला लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, लिहून झालं की आबांना वाचून दाखवावं. नाही दाखवणार. कोणालाच नाही. कारण मला त्यांची भीती वाटते हे तर खरंच आहे, पण त्या सकाळी परातीपाशी मला आधी भीती वाटली नाही. इतकी वर्षं मी धरून चालले होते की शेवटी तू माझंच काहीतरी विचारलं असशील, पोरगी कुठं आहे, एवढं तरी. आई, मला तुझा राग आला.