कानबाईला वाहिलेले ड्रम

आबा, आमचा अल्बम आला. बँड मोडल्याला वीस-बावीस वर्षं झाली. आम्ही चौघं पुन्हा एकत्र बसलो, कुणाला टक्कल, कुणाला साखर, आणि आठ गाणी केली. जळगावचा रॉक बँड परतला म्हणून लोकांचे फोन येताहेत. मी मात्र संतापाने धुमसतोय, आणि भांडायला तुम्ही समोर नाही. हीही तुमचीच चलाखी.

ड्रम तुम्हीच आणले होते. धुळ्याचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, त्याचा सेट केळीच्या टेम्पोत घालून तुम्ही यावलला आणलात. केळी पिकवायची खोलीही तुम्हीच दिलीत. "भिंती जाड हायेत, बडवा किती बडवायचं ते. माल भरला का मंग इकडे फिरकू नका." आम्ही वाजवायचो आणि तुम्ही दारात बसून पायाने ठेका धरायचात. मग मुंबईहून रेकॉर्डिंगचं बोलावणं आलं. त्याच श्रावणात, कानबाईच्या विसर्जनाला, माझा अख्खा सेट ट्रॉलीवर चढलेला मी बघतोय. मोठ्या ड्रमला हळदकुंकू लावलंय आणि शेजारच्या गावचं मंडळ त्यावर दणादण काठ्या हाणतंय. "तुह्या टायफॉईडच्या वक्ती नवस बोललो होतो. देवीले वाह्यलेलं वापस मागत नसतात." झालं! तुमच्याशी भांडलो असतो हो, देवीशी काय भांडू? भाऊबंदांच्या पंगतीत बसून मी देवीच्या प्रसादाचा रोट गिळला. मुंबई राहिली, बँड मोडला. मी केळीच्या धंद्यात पडलो आणि दर श्रावणात देवीपुढे स्वतःला समजावत राहिलो, की माझ्या जिवाच्या बदल्यात गेले ड्रम.

परवा आईला पहिलं गाणं ऐकवलं. म्हटलं, आबांचा तो नवस नसता तर हे तेव्हाच झालं असतं. शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "काय्चा नवस रे? तू मुंबईले गेला त वापस येनार नाई, याचं भेव होतं त्यायले."

लाज नाही वाटली, आबा? चक्क देवीला पुढे केलंत! नाही म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं. शिव्या घालायच्या, थोबाडीत द्यायची. मी कडाकडा भांडलो असतो, एसटीत बसून गेलो असतो आणि परत आलो असतो. कुठे जाणार होतो मी? पोटच्या पोरावर एवढाही भरवसा नव्हता?

अल्बमवर बाकीच्यांनी आपापल्या वडिलांचे आभार मानलेत. ड्रमचा सल होताच, म्हणून छापतानाच मी तुमचं नाव घालू दिलं नाही, आणि आता तर देवी सांगायला आली तरी घालणार नाही. हे पत्रही कुठे पाठवायचं नाहीये, राग निवला की फाडून टाकेन.

एक मात्र सांगतो. रेकॉर्डिंग चालू असताना तिथला माणूस माझ्यावर वैतागला होता. "काका, सारखं दाराकडे काय बघता? बाहेर आवाज जात नाही." मी म्हटलं, जुनी सवय. खरं तर मी दारात तुमचा पाय शोधत होतो.