उधना दरवाजाच्या पुढे

४ मे १९९७, रविवार

डोकं तापलंय. आजच अंमळनेरहून लग्न आटोपून आलो. जायलाच नको होतं. भर पंगतीत आमचे साडू भाईदास मास्तर म्हणाले, शालिग्राम, वीस वर्षं सुरतेत काढलीत, पण सुरतेत आहे काय? गिरण्या, गटारी आणि प्लेग. पंगत हसली. वाढपीसुद्धा हसला, आणि त्या नादात माझी बुंदी शेजारच्याच्या पानात पडली.

हा तोच माणूस. प्लेगच्या वर्षी आम्ही तिघं सुरत सोडून याच्या दारात उतरलो, तर यानं आम्हाला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं. ताटं वेगळी, माठ वेगळा. रोज सकाळी खिडकीतून विचारायचा, खोकला आहे का? मी हे विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

वर म्हणतो, सोनालीची बारावी झाली, आता कॉलेजला तिला आमच्याकडे ठेवा. यावर सरलाने मान हलवली. माझ्या बायकोने! एकुलती एक पोर दुसऱ्याच्या घरी ठेवायला मी काय मेलोय?

सगळ्यांदेखत सांगितलं, मास्तर, सुरतेला या. मी शहर दाखवतो. बघूनही वाईट वाटलं तर पोरीची बॅग मी स्वतः स्टेशनवर आणून देईन. लगेच म्हणाले, चोवीसला येतो, शाळेला सुट्टीच आहे.

या म्हणावं.

५ मे, सोमवार

शांतपणे विचार केला. उधना, पांडेसरा, बमरोली हे मिलचे भाग मला घरच्या अंगणासारखे पाठ आहेत. उरलेलं शहर बघायची गरज पडली नाही, एवढंच. घर ते मिल, मिल ते घर. त्यात माझी काय चूक? तरी मी पक्का सुरती आहे. वीस वर्षांत जे अंगात भिनतं ते भिनतंच.

निश्चय: शहर लोकल माणसासारखं फिरायचं, पाहुण्यासारखं नाही. कोणालाही रस्ता विचारायचा नाही. जो विचारतो तो पाहुणा. बोलायचं गुजरातीत. दिवेलागणीला घरात. सभ्य माणसं तशीच राहतात.

मे महिना यासाठी उत्तम. अर्धी मिल लग्नांना खानदेशात पळालीय. आमच्या फोल्डिंग खात्यात मी आणि चिंधा दोघंच उरलोय, बारा वाजता सुटतो. दुपार मोकळी. मास्तर, आता बघाच.

७ मे, बुधवार

मिलमधून थेट भागळच्या बाजारात. मागच्या गल्ल्यांतून फिरलो. सगळी शटरं खाली! फरसाणवाला बंद, डाळीचा वाफाळता लोचो विकणारा बंद, न्हावीसुद्धा बंद. रस्त्यावर मी आणि एक गाय. कोणीतरी मोठा शेठ वारला असणार. विचारायचं मनात आलं, पण नियम म्हणजे नियम. आणि विचारायला होतं कोण?

८ मे, गुरुवार

पुन्हा भागळ. पुन्हा बंद. शेठ फारच मोठा असावा. पण दोन दिवस बाजार बंद ठेवायचा म्हणजे हद्द झाली. लोकांनी शहर बघायचं कधी? टाळू भाजून निघाली. घरी आल्यावर सरला म्हणाली, छत्री तरी न्या. म्हटलं, सुरती माणूस छत्री नेत नाही. कशावरून, म्हणाली. हिला सगळ्याचा पुरावा लागतो.

१२ मे, सोमवार

सोनाली मागे लागली. पप्पा, मला पण घेऊन चला. अठवा लाइन्सला मुलींचं कॉलेज आहे, ते बघून येऊ. मी म्हटलं, आधी शहर माझ्या हातात येऊ दे. मग म्हणाली, मी आणि माझी मैत्रीण जागृती बसने जाऊन येतो. मी साफ नाही म्हटलं. मुलींनी उधना दरवाजाच्या पुढे, म्हणजे मुख्य शहरात, जायचं नाही, हा या घरातला नियम लहानपणापासून आहे आणि त्यामुळेच सगळं सुरळीत आहे. गाल फुगवून बसली. तिच्यासाठीच उन्हात मरतोय, पण कदर कोणाला?

१४ मे, बुधवार

आज संताप संताप झाला.

नवा पांढरा लेंगा घातला, तोंडात पान ठेवलं आणि रिक्षावाल्याला अस्सल गुजरातीत म्हटलं, भाई, रांदेर लई लो. त्याने आरशातून बघितलं. मग म्हणतो, "भाऊ, तुम्ही कोन गावना?"

पारोळ्याचा निघाला. मी गुजराती सोडली नाही. त्याने अहिराणी सोडली नाही. माझ्या आत्याच्या गावचा कोण, त्याच्या मामाच्या गावचा कोण, सगळं त्यानेच जुळवलं. शेवटी म्हणाला, ऊन फार आहे, या वयात बरं नाही. आणि रिक्षा वळवून मला उधन्यात माझ्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं! मी गल्ली सांगितलीही नव्हती. वर भाडं घेईना, आपलाच माणूस म्हणे.

मी त्याचा माणूस नाही. मी सुरती आहे. असल्या लोकांमुळेच आपली प्रगती होत नाही.

१६ मे, शुक्रवार

पायीच तापीवरचा पूल ओलांडून रांदेरला गेलो. रांदेर झकास आहे, म्हणजे असावं. खिडक्या सगळ्या बंद. एका ओट्यावर टेकलो, तर आतून म्हातारीने दार किलकिलं करून पाण्याचा तांब्या दिला. मी पाणी प्यालो. मग म्हणते, "बपोरे माणस सुवे, भाई."

दुपारी माणूस झोपतो! मला शिकवते! आमच्याकडे दुपारी झोपणाऱ्याला आळशी म्हणतात. दिवसाढवळ्या सगळं शहर झोपलेलं असतं असं मी मास्तरांना सांगू का? म्हातारीचं वय झालंय. पाणी मात्र गार होतं.

२० मे, मंगळवार

प्रोग्रॅम पक्का. रविवार: सकाळी आराम, अकराला निघणे, भागळ, चौकातला किल्ला, लोचो, मग बसने डुमसचा समुद्र. सहाच्या आत घरी. जेवणाचा डबा घरचा: कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी. बाहेरचं अन्न उन्हाळ्यात नको.

चिंध्याला सहज दाखवला, तर हा म्हणतो, अकराला कशाला? सुरती लोक संध्याकाळी बाहेर पडतात. रस्त्याच्या कडेला चटया टाकून घरदार जेवतं. मी त्याला चांगलाच झापला. घर असलेली माणसं रस्त्यावर बसून जेवतील होय? म्हणे, मी डोळ्यांनी बघितलंय. चिंध्या काय, काहीही बघतो. मागे त्याला फोल्डिंगच्या टेबलाखाली साप दिसला होता, ती कापडाची किनार निघाली.

२४ मे, शनिवार

मास्तर आणि सरलाची ताई आले. घरात पाऊल टाकताच मास्तर म्हणाले, वा, गल्ली स्वच्छ आहे की. म्हटलं, तीन वर्षं झाली, शहर आरशासारखं झालंय, तुम्ही प्लेगवरच अडकलात. ते हसले. सरला म्हणाली, जरा गोड बोला. मी गोडच बोलत होतो.

२५ मे, रविवार

लिहून काढतो म्हणजे डोकं हलकं होईल.

भागळ बंद. मास्तरांनी विचारलं, का बंद? मी म्हटलं, शेठ वारलाय. त्यांनी एका हमालाला विचारलं. हमाल म्हणाला, दुपारी बंदच असतं, चारनंतर या. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. हमालाला सगळं ठाऊक असतं का?

किल्ला. आत सरकारी ऑफिसं, रविवार, फाटक बंद. मी बाहेरून भिंत दाखवली. ताई म्हणाल्या, भिंत मजबूत आहे.

मग डुमसची बस. गर्दीत मीच सगळ्यांना चढवलं. पाटी नीट वाचायला वेळ नव्हता, आणि पक्का सुरती माणूस पाटी वाचत नाही. बस चालली ती चालली. उतरलो तर समोर चिमण्या, पाइप आणि तारांचं कुंपण. मास्तर म्हणाले, समुद्र कुठाय? म्हटलं, ओहोटी आहे, मागे गेलाय. तेवढ्यात फाटकावरचा वॉचमन आला, म्हणाला, गेटपास दाखवा. आम्ही डुमसऐवजी हजीऱ्याला होतो.

बाभळीच्या चिमूटभर सावलीत पाच जणांनी भाकरी खाल्ली. ठेच्यात राख पडत होती. मास्तर काही बोलले नाहीत, आणि त्याचाच जास्त राग आला. टोमणा तरी मारायचा!

परतीची बस संध्याकाळी मिळाली. शहरात शिरलो आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं. चटया, डबे, बर्फाचे गोळे, म्हाताऱ्या पाय पसरून बसलेल्या, पोरं बॅडमिंटन खेळतायत. सोनाली खिडकीला चिकटली. म्हणाली, पप्पा, उतरू या ना. ताईंनाही उतरायचं होतं. मी म्हटलं, दिवेलागण झाली, घरी चला.

चिंध्याने मला नीट समजावून सांगितलं नाही. सांगायची पद्धत असते.

२६ मे, सोमवार

संध्याकाळी मास्तर म्हणाले, आज मी नेतो सगळ्यांना. मी बहिष्कार टाकला. कसे जाणार, मी विचारलं. विचारत विचारत, म्हणाले. लाज नाही माणसाला.

जेवायच्या वेळेनंतर आले. चौघंही हसत. भागळ बघितलं, लोचो खाल्ला, अठवा लाइन्सला त्या कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन आले, नंतर रस्त्यावर बसून गोळा खाल्ला. माझ्यासाठी पानात बांधून लोचो आणला होता. सोनाली सांगत होती, पप्पा, गरम गरम खायचा असतो, वर तेल आणि शेव, मी कांदा नको म्हटलं तर त्याने माझी प्लेट वेगळी करून दिली. कच्चा कांदा तिला लहानपणापासून चालत नाही. मी लोचोला हात लावला नाही.

२८ मे, बुधवार

जिंकलो!

मास्तर जाताना स्टेशनवर, सरलादेखत म्हणाले, शालिग्राम, शहर छान आहे हो तुमचं, माझंच चुकलं. शब्द न् शब्द असाच. सोनालीचा विषय संपला. मी आधीपासून सांगत होतो. नियोजन लागतं, अभ्यास लागतो. गोठ्याशेजारच्या खोलीचा हिशेब चुकता झाला.

मोठ्या मनाने त्यांची पिशवी डब्यात चढवून दिली.

६ जून, शुक्रवार

सोनाली पास, फर्स्ट क्लास. पेढे वाटले. गल्लीत सगळ्यांना सांगितलं, पोर इथेच शिकणार. अठवा लाइन्सचं कॉलेज मात्र लांब पडतं. दोन बस, येताना अंधार. उधन्यातच काहीतरी बघू. नाहीतर एक वर्ष घरी बसेल, शिवण शिकेल, घाई काय आहे?

हे जेवताना बोललो. ती ताटावरून उठली.

७ जून, शनिवार

सोनाली म्हणते, अंमळनेरला जाणार.

मी म्हटलं, अगं, मास्तरांनी हार मानली! शहर जिंकलं! ती म्हणाली, "शहर जिंकलं, पप्पा. पण ते मला काकांनी दाखवलं."

इथेच जन्मले, म्हणाली, आणि सतरा वर्षांत उधना दरवाजाच्या पुढचं शहर बघितलं ते दुसऱ्याचं बोट धरून. काका सायकल देणार आहेत. कुठेही जा म्हणाले, फक्त सांगून जा.

मी खूप बोललो. गोठा काढला, माठ काढला, खोकला काढला. ती म्हणाली, ते काकांनी मला स्वतः सांगितलं, आणि माफी मागितली. माझी कधी मागितली? माझ्याकडे मागायला काय झालं होतं? सरला भांडी घासत होती. तिला म्हटलं, तू तरी सांग. ती म्हणाली, मी काय सांगू, मीसुद्धा उघडं भागळ त्याच दिवशी बघितलं.

सगळे फितूर आहेत.

१४ जून, शनिवार

बॅग जड होती. हमाल केला नाही. शब्द दिला होता, स्वतः नेली.

सरलाही सोबत गेली, पोर रुळेपर्यंत राहणार. गाडी सुटताना सोनाली म्हणाली, दिवाळीला येईन तेव्हा फिरवाल ना? म्हटलं, त्यात काय, शहर पाठ आहे मला. मग गाडी हलली. डब्यात कोणीतरी खिडकी लावून घेतली, नाहीतर अजून दिसली असती. लोकांना एवढीही अक्कल नसते.

१५ जून, रविवार

घरात करमेना. दिवाळीची तयारी आतापासून केलेली बरी, म्हणून संध्याकाळी सहाला निघालो. सहाला! उधना दरवाजाशी एका पोलिसाला विचारलं, भागळची बस कुठली. सांगितली. हसला वगैरे नाही.

सगळी शटरं उघडी होती. ती गल्ली ओळखूच आली नाही. लोचोवाल्याकडे ही गर्दी. प्रत्येकाबरोबर घरदार. माझा नंबर आला तेव्हा त्याने मान वर करून विचारलं, "एकला?"

मला राग आला. म्हटलं, एकटा कशाला? फॅमिली मागून येतेय. तीन प्लेट द्या.

त्याने तीन पानं मांडली, गरम लोचो घातला, तेल सोडलं, शेव भुरभुरली आणि मूठ भरून कांदा उचलला. मी जोरात ओरडलो, एकीवर टाकू नका, मुलीला चालत नाही.

त्याने ती प्लेट वेगळी ठेवली.