खर्जात उतरणारी डबी

प्रिय दादा,

आधी एक कर. तुझा तो जगाशी बोलायचा रेडिओ कुणालाही देऊ नकोस! वहिनींनी सगळं कळवलंय मला. शनिवारी शेजारचे मास्तर तो न्यायला आले, तर त्यांना चहा पाज आणि रिकाम्या हाती परत पाठव. तुझा हट्ट मला ठाऊक आहे, पण मीही तुझीच बहीण.

आता मी काय केलंय ते ऐक, आणि हसू नकोस. या पत्रासोबत आलेली डबी मी स्वतः बनवलीय, स्वयंपाकघरातल्या टेबलावर! एका बाजूला रेडिओची वायर लावायची, दुसऱ्या बाजूला अँटेनाची. दोन्हींची जुळणी बिघडलेली असेल तर डबी किंचाळते. तू बटण फिरवत गेलास की आवाज उतरत उतरत खर्जात येतो. खर्ज लागला की समज, जुळलं. मीटरच्या सुईकडे बघायची गरजच नाही!

लहानपणी तू मला वायर धरून उभी करायचास आणि हात हलला की टपली मारायचास. प्लगचं टोपण वायरीत आधी ओवायचं, मग सोल्डर करायचं, हे तू हजारदा सांगितलंस. मी सगळं सोल्डर करून खुशीत बघते, तर टोपण टेबलावर! पुन्हा तोडा, पुन्हा जोडा. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा आठवणीनं ओवलं, तर उलटं. ह्यांनी तर हातच जोडले. डबी पहिल्यांदा किंचाळली, तेव्हा किटलीची शिट्टी समजून ते ती उतरवायला धावले.

मग ती घेऊन रेडिओ क्लबात गेले. डोळ्यांवर ओढणी बांधली, चाचपडत प्लग लावले आणि नुसतं ऐकून जुळणी केली. ओढणी सोडून पाहते तर काय, सुई बरोब्बर जागेवर! मी भर क्लबात टाळ्या पिटल्या. डबीची रेडिओकडची बाजू बोटांना कळावी म्हणून त्या बाजूला खाच पाडलीय.

दादा, डोळे गेल्यापासून तू फोनवर येत नाहीस. वहिनी, हे वाक्य गाळू नका, वाचा. दर वेळी ऐकते, तू झोपलायस, नाहीतर अंघोळीला गेलायस. किती अंघोळी करतोस रे! रागावले नाही मी, पण तुझा आवाज ऐकायला जीव आसुसलाय.

म्हणून रेडिओवर बोलायच्या परवान्याची परीक्षा गुपचूप दिली. पास झाले! परवाना आला, रेडिओवर ओळख सांगायला कॉलसाईनही मिळालं. रविवारी सकाळी, तुझ्या नेहमीच्या फ्रिक्वेन्सीवर, मी तुला हाक मारणार आहे. फोन तू टाळशील. पण रेडिओवर कुणी नवखा चुकतमाकत पहिल्यांदा बोलायला लागला, की तू ताटावरून उठून त्याला उत्तर द्यायचास. माझी ही पहिलीच हाक आहे, दादा.

तुझीच,
धाकटी